सुकाणूचा ढिलेपणा (मोटारगाडी)

मोटारगाडीचे सुकाणू चक्र फिरविल्यानंतर पुढची चाके लगेच वळू लागत नाहीत आणि चक्राची काही फेरी वाया जाते, या दोषास सुकाणूचा ढिलेपणा म्हणतात. गॅरेजच्या बोलीत 'स्टिअरिंगला प्ले आहे' किंवा 'स्टिअरिंग खेळते' असे म्हटले जाते. सुकाणू यंत्रणेतील भाग परस्परांवर सहज फिरावेत म्हणून त्यांच्यात अत्यल्प फट ठेवावी लागते. त्यामुळे थोडा खेळ प्रत्येक गाडीत असतोच. तो ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला, की त्यास दोष मानतात. बरीच वर्षे वापरलेल्या गाड्यांत हा दोष नेहमी आढळतो.

ढिलेपणा हे लक्षण आहे. तो स्वतः आजार नव्हे. चालकाच्या हातापासून चाकापर्यंत आठ-दहा सांधे एकापुढे एक जोडलेले असतात आणि त्यांपैकी कोणत्याही एका सांध्याची झीज चक्रावर सारखीच जाणवते. म्हणून झिजलेला सांधा प्रथम शोधणे आणि नंतरच पाना हाती घेणे, हा या दुरुस्तीचा मूळ नियम आहे.

संज्ञा

'सुकाणू' हा शब्द मराठीत नौकानयनातून आला. त्याचे मूळ अरबी 'सुक्कान' या शब्दात असून त्याचा अर्थ जहाजाची दिशा बदलणारी फळी असा आहे. मोटारगाडीच्या संदर्भात 'सुकाणू यंत्रणा' आणि 'सुकाणू चक्र' हे शब्द ग्रंथांत वापरले जातात, तर बोलण्यात 'स्टिअरिंग' हाच शब्द रूढ आहे. चक्राच्या वाया जाणाऱ्या फेरीस 'मुक्त खेळ' म्हणता येते. पुढील विवेचनात भागांची नावे गॅरेजमध्ये व सुट्या भागांच्या दुकानात ज्या रूपात चालतात, त्याच रूपात दिली आहेत.

रचना

भारतातील जुन्या गाड्यांत सुकाणूच्या दोन प्रमुख रचना आढळतात.

पहिली रचना सुकाणू पेटीची, म्हणजेच स्टिअरिंग बॉक्सची. चक्राच्या दांड्याच्या खालच्या टोकास मळसूत्री आट्यांचा एक भाग असतो. त्यास वर्म म्हणतात. वर्म फिरले, की त्यात अडकलेला दातेरी तुकडा, रोलर किंवा खुंटी सरकते आणि पेटीबाहेरचा पिटमन आर्म डावी-उजवीकडे झुलतो. ही हालचाल पुढे ड्रॅग लिंक, टाय रॉड, आयडलर आर्म अशा दांड्यांतून चाकांपर्यंत जाते. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली आणि फियाट ११०० डी या गाडीवर आधारलेली प्रीमियर पद्मिनी ही याच वर्गातील आहे. महिंद्रच्या विलीज धर्तीच्या जुन्या जीपगाड्याही पेटीच्या रचनेच्या आहेत. त्यांत पुढचा आस अखंड असतो, तो पाट्यांच्या स्प्रिंगवर बसविलेला असतो आणि पेटी व टाय रॉड यांच्यामध्ये बेल क्रँक नावाचा आणखी एक फिरता भाग असतो.

दुसरी रचना रॅक व पिनियनची. येथे दांड्याच्या टोकास लहान दातेरी चाक असते व ते एका आडव्या दातेरी पट्टीस डावी-उजवीकडे सरकविते. पट्टीच्या दोन्ही टोकांना टाय रॉड थेट जोडलेले असतात. सांधे कमी असल्यामुळे या रचनेत ढिलेपणाच्या जागाही कमी असतात. १९८३च्या डिसेंबरात बाजारात आलेली मारुती ८०० या रचनेची आहे. अ‍ॅम्बेसेडर दिसायला जुन्या घाटणीची असल्यामुळे तिच्यातही सुकाणू पेटी असेल, अशी अनेकांची समजूत असते. परंतु ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली आहे, तिच्याप्रमाणेच अ‍ॅम्बेसेडरलाही रॅक व पिनियनचे सुकाणू आहे. तपासणीस आरंभ करण्यापूर्वी आपली गाडी कोणत्या रचनेची आहे, हे पाहून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दोन्ही रचनांत टाय रॉडच्या टोकाशी गोलक-सांधा असतो. एका खोबणीत गोल डोक्याची खुंटी बसविलेली असते, तिच्याभोवती ग्रीस असते आणि वरून रबराची टोपी असते. हा भाग टाय रॉड एंड या नावाने मिळतो. चाकाचा हब ज्या भागावर फिरतो, तो भाग डावी-उजवीकडे वळावा म्हणून जुन्या गाड्यांत किंग पिन आणि नंतरच्या गाड्यांत बॉल जॉइंट असतात.

ढिलेपणा कसा वाढतो

जुन्या गाडीत पुढचे चाक एक अंश वळविण्यासाठी सुकाणू चक्र साधारण पंधरा ते अठरा अंश फिरवावे लागते. या प्रमाणामुळे चालकाचे श्रम कमी होतात. पण त्याच प्रमाणात झीजही मोठी होऊन हाताला जाणवते.

उदाहरणादाखल चाकाशी जोडलेल्या सुकाणू हाताची लांबी १२५ मिलिमीटर, यंत्रणेचे प्रमाण १६ आणि चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर धरू. टाय रॉडच्या टोकाशी एक मिलिमीटरचा ढिलेपणा आला, तर चाकाशी तो अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो. तोच सोळा पटींनी वाढून चक्रावर सुमारे सात अंश होतो आणि चक्राच्या कडेवर जवळजवळ अडीच सेंटिमीटर मोकळी फेरी मिळते. हा एक मिलिमीटर एकाच सांध्यातून यावा लागतो असेही नाही. एका ओळीतील चार सांधे प्रत्येकी पाव मिलिमीटर झिजले, तरी बेरीज तेवढीच होते, आणि पाव मिलिमीटरची झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच 'एकही भाग खराब दिसत नाही, तरी स्टिअरिंग ढिले आहे' अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. मोकळी फेरी भरून काढण्यात पाव सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी चार मीटरांहून अधिक अंतर चालकाच्या इच्छेविना कापते. अरुंद रस्त्यावर समोरून मालमोटार येत असता चार मीटर हे अंतर लहान नसते.

झिजेची कारणे बहुधा साधी असतात. रबरी टोपी फाटली, की आतील ग्रीस बाहेर पडते व धूळ आत शिरते. ग्रीस आणि धूळ यांचे मिश्रण घासकागदासारखे काम करते. ज्या सांध्यांना ग्रीस भरण्याचे निपल असते, त्यांना वेळेवर ग्रीस मिळत नाही. खड्डे व गतिरोधक यांवरचे धक्के खोबणी मोठी करतात. गाडी जागेवर उभी असताना चक्र जोराने फिरविण्याच्या सवयीमुळे सर्व सांध्यांवर विनाकारण ताण येतो. मराठवाड्यात यांत उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक होऊन तडकते आणि पावसाळ्यात त्याच तड्यांतून पाणी व काळ्या मातीचा चिखल आत जातो.

लक्षणे व त्यांचा भेद

सुकाणूच्या सर्व तक्रारी ढिलेपणाच्या नसतात. लक्षण नीट ओळखल्यास तपासणीचे निम्मे काम होते.

गाडी सरळ रस्त्यावर कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते आणि चालकास सतत लहान लहान दुरुस्त्या कराव्या लागतात, हे ढिलेपणाचे खरे लक्षण होय. गाडी नेहमी एकाच बाजूस ओढत असेल, तर टायरमधील हवा, चाकांचे अलाइनमेंट किंवा एका चाकाचा अडकलेला ब्रेक यांचा संशय घ्यावा. ठरावीक वेगालाच चक्र थरथरत असेल, तर चाकांचे संतुलन बिघडलेले असते. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल, तर दोष बहुधा ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये असतो. खड्ड्यावरून जाताना 'खट' असा एकेरी आवाज येत असेल, तर गोलक-सांधा, किंग पिन किंवा सस्पेन्शनचे बुश झिजलेले असण्याचा संभव अधिक. अखंड आसाच्या जीपचे पुढचे टोक एखाद्या धक्क्यानंतर जोरजोराने डगमगू लागते. त्यामागे किंग पिनची बेअरिंगे, टाय रॉड एंड आणि स्प्रिंगचे बुश यांची एकत्रित झीज असते.

चक्र वर-खाली हलत असेल, पण फिरविताना मोकळी फेरी वाढलेली नसेल, तर दांड्याचा बुश झिजलेला आहे. त्याचा चाकांच्या वळण्याशी संबंध नाही. ज्या पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडर गाड्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या दांड्यालगत असतो, त्यांत गिअरच्या कड्यांचा खडखडाट सुकाणूचा समजला जातो. हे दोन दोष वेगळे मानावेत.

निदान

तपासणीपूर्वी पुढच्या दोन्ही टायरमधील हवा निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात भरावी. हवा कमी असलेली गाडी ढिल्या सुकाणूच्या गाडीसारखीच भरकटते. टायरच्या घर्षणतळाकडेही पाहावे. कडेच्या पट्ट्यांवर विषम झीज दिसली, तर अलाइनमेंट बिघडलेले आहे, आणि ते का बिघडले याचे उत्तर पुष्कळदा झिजलेल्या सांध्यातच मिळते.

मुक्त खेळ मोजणे: गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी. चक्राच्या कडेस चिकटपट्टीची खूण करावी व तिच्या शेजारी डॅशबोर्डला टेकेल अशी मोजपट्टी धरावी. चक्र एका दिशेस हलकेच फिरवून पुढचे चाक हलू लागण्याच्या क्षणी थांबावे व आकडा पाहावा. मग उलट दिशेस तसेच करावे. दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे मुक्त खेळ. अनेक मोटारगाड्यांच्या पुस्तिकांत तो चक्राच्या कडेवर ३० मिलिमीटरपर्यंत मान्य केलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्याच पुस्तिकेत पाहावा. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत हे मोजमाप इंजिन चालू ठेवून करतात.

दोघांनी करावयाची तपासणी: ही सर्वांत उपयुक्त कसोटी आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. चाके जमिनीवरच असावीत, म्हणजे सांध्यांवर खरा भार राहतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे आणि हँडब्रेक ओढावा. एकाने चक्र मोकळ्या फेरीच्या थोडे पलीकडे डावी-उजवीकडे सावकाश हलवीत राहावे. दुसऱ्याने दांड्यापासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर बोट असे ठेवावे, की त्याचा अर्धा भाग सांध्याच्या अलीकडे व अर्धा पलीकडे टेकेल. सांधा चांगला असेल, तर दोन्ही बाजू एकदमच हलतात. अलीकडची बाजू आधी हलते आणि पलीकडची थबकून मागाहून हलते, असे बोटाला जाणवले, की दोषाची जागा सापडली. मात्र पहिला दोष सापडल्यावर थांबू नये. ओळीतील शेवटच्या सांध्यापर्यंत जावे.

तपासणीचा क्रम वरून खाली ठेवावा: चक्राचा मध्य व त्यावरील नट, दांड्याच्या खालचा कपलर किंवा युनिव्हर्सल जॉइंट, सुकाणू पेटीचे किंवा रॅकचे बोल्ट, पेटीत शिरणारा दांडा व बाहेर येणारा पिटमन आर्म यांच्या हालचालींतील फरक, आयडलर आर्म किंवा बेल क्रँक, टाय रॉड एंड, शेवटी किंग पिन किंवा बॉल जॉइंट आणि चाकाचे बेअरिंग. पेटी जेथे बसविलेली असते, तो पत्रा किंवा चॅसिस गंजलेली वा तडकलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. चक्र फिरविताना पेटीच जागेवरून हलत असेल, तर तिच्या आतील दुरुस्ती निष्फळ ठरते.

चाक उचलून तपासणी: गाडी जॅकने उचलल्यावर खाली मजबूत घोड्या लावाव्यात आणि मागच्या चाकांना अडणी द्यावी. केवळ जॅकच्या किंवा विटांच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. उचललेले चाक घड्याळातील बारा व सहा या जागी धरून आत-बाहेर हलवावे. ते हलत असेल, तर चाकाचे बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट यांत दोष आहे. याच वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. हालचाल नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, आणि कायम राहिली तर किंग पिन वा बॉल जॉइंटचा. नंतर चाक तीन व नऊ या जागी धरून हलवावे. बारा-सहाला घट्ट असलेले चाक तीन-नऊला हलत असेल, तर दोष टाय रॉडच्या सांध्यांत किंवा त्यांच्या मागे पेटीत अथवा रॅकमध्ये असतो.

दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम चाकाकडून चक्राकडे ठेवणे सोयीचे असते. बाहेरचे स्वस्त भाग आधी निर्दोष केले, म्हणजे आतील महाग भागात खरोखर किती दोष उरला आहे, हे कळते.

चाकाचे बेअरिंग: निमुळत्या रोलरची बेअरिंगे असलेल्या गाडीत चाक फिरवीत नट आवळतात आणि मग पुस्तिकेनुसार थोडा सैल करतात. अति आवळलेले बेअरिंग तापून निकामी होते. फिरविताना घरघर होत असेल, तर बेअरिंग बदलावे. आवळण्याने ते सुधारत नाही.

टाय रॉड एंड: झिजलेला गोलक-सांधा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. खोबणीत पत्र्याचा तुकडा ठोकणे, सांधा तापवून चेपणे किंवा वेल्डिंग करणे हे प्रकार जिवावर बेतणारे आहेत. सांधा सुटला, तर ते चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही. काढताना जुना भाग किती आट्यांवर बसला होता, हे मोजून ठेवावे आणि नवा भाग तितक्याच आट्यांवर चढवावा. खाचांचा नट ठरलेल्या जोराने आवळून त्यात नवी स्प्लिट पिन घालावी. पिनचे भोक जुळत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. भोक जुळविण्यासाठी तो मागे फिरवू नये. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये.

किंग पिन व बॉल जॉइंट: किंग पिन बदलताना तिचे बुशही बदलतात आणि नवे बुश पिनच्या मापाने रीमरने साफ करून घेतात. या कामास लेथ कारागिराचा हात लागतो. विलीज धर्तीच्या जीपमध्ये वरच्या टोपीखालील पातळ चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, कमी-अधिक करून बेअरिंगचा ताण ठरविता येतो. बॉल जॉइंट झिजला असता संपूर्ण बदलावा.

आयडलर आर्म व बेल क्रँक: यांतील बुश किंवा बेअरिंगे व मधली पिन बदलतात. जुन्या जीपच्या तपासणीत बेल क्रँककडे पुष्कळदा दुर्लक्ष होते, आणि सर्व टाय रॉड एंड नवे घालूनही खेळ कायम राहतो.

दांड्याचा जोड: कापडी किंवा रबरी कपलर तडकलेला असल्यास तो बदलावा. युनिव्हर्सल जॉइंटचा आवळणारा बोल्ट सैल असेल, तर केवळ तो आवळून भागते. पण दातेरी खाचा झिजलेल्या असतील, तर जोड बदलणे भाग आहे.

अलाइनमेंट: टाय रॉडचा कोणताही सांधा सोडला, की चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. अन्यथा नवे टायर अल्पावधीत झिजतात आणि दुरुस्ती करूनही गाडी भरकटते.

सुकाणू पेटी व रॅकचा स्क्रू

पेटीच्या झाकणावर एक स्क्रू व त्यावर लॉक नट असतो. रॅकलाही दातेरी पट्टी दाबून धरणारा असाच जुळवणीचा भाग असतो. तो पाव फेरी आवळला, की मोकळी फेरी लगेच कमी झाल्यासारखी वाटते. काम दोन मिनिटांचे, नवा भाग लागत नाही आणि गाडीमालकही समाधानी होतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी तपासणी न करताच हा स्क्रू आवळला जातो. दोष टाय रॉडच्या सांध्यात असता पेटीचा स्क्रू आवळणे म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा प्रकार होय. खरा दोष तसाच राहतो; तो चालकास जाणवेनासा होतो, इतकेच.

याहूनही मोठा धोका झिजेच्या स्वरूपात आहे. गाडी बहुतेक काळ सरळ धावते, त्यामुळे वर्म किंवा दातेरी पट्टी मध्यभागी अधिक झिजते आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवी राहते. मध्यभागाचा ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर चक्र वळणावर गेल्यावर न झिजलेला भाग जाम होतो. घाटातील वळण पूर्ण होऊनही चक्र सरळ परत येत नाही.

योग्य पद्धत अशी: प्रथम बाहेरचे सर्व सांधे निर्दोष करावेत. पेटीतील तेलाची पातळी पाहावी. ड्रॅग लिंक सोडून पेटीवरील भार काढावा. वर्मच्या बेअरिंगांतील खेळ आधी दूर करावा. अनेक पेट्यांत तो शिम काढून कमी करतात. त्यानंतर चक्र नेमके मध्यावर ठेवून झाकणाचा स्क्रू थोडा थोडा आवळावा. प्रत्येक वेळी चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ते कोठे अडत नाही, याची खात्री करावी. मध्यभागी किंचित घट्टपणा जाणवणे हे वर्मच्या पेटीत स्वाभाविक असते; टोकांना घट्टपणा येणे मात्र दोषाचे लक्षण आहे. मध्यभागाचा खेळ आणि टोकांचा मोकळेपणा हे दोन्ही एकाच वेळी साधत नसतील, तर पेटीचे किंवा रॅकचे आतील भाग बदलण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

रस्त्यावरील चाचणी

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी रिकाम्या मैदानात अगदी कमी वेगाने घ्यावी. चक्र दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे आणि वळण घेतल्यावर पकड सैल केली असता चक्र आपोआप मध्याकडे येते का, ते तपासावे. ते येत नसेल, तर कोठेतरी जुळवणी अति घट्ट झाली आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

त्यानंतर दोन प्रकारच्या रस्त्यांची आवश्यकता असते: भरकटणे दाखविणारा सरळ रस्ता आणि चक्राचे परत येणे दाखविणारा वळणाचा रस्ता. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस असलेल्या छावणी भागातून हे दोन्ही रस्ते निघतात. नगर नाक्यावरून वाळूज औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता बराच सरळ आहे. त्यावर सदोष गाडीतील चालकाचे हात सतत हलत राहतात, निर्दोष गाडीत ते स्थिर असतात. पडेगाव, मिटमिटा, दौलताबादमार्गे खुलताबाद व वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर चढ, वळणे आणि अरुंद जागा लागतात; तेथे चक्राचे अडणे किंवा उशिरा परतणे लगेच उघड होते. दोन्ही रस्त्यांवर वाहतूक बरीच असल्याने चाचणी पहाटे, कमी वेगाने आणि मैदानातील कसोटी पार पडल्यानंतरच करावी. कन्नड-चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटासारख्या अवघड घाटात चाचणी करू नये; तेथे गाडी तपासून झाल्यावरच न्यावी.

छावणी असलेल्या गावांतून लिलावात निघालेल्या लष्करी जीप व जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या जोंगा गाड्या खाजगी वापरात दिसतात. अशी गाडी घेताना इंजिनाच्या आवाजाइतकेच लक्ष सुकाणूच्या सांध्यांकडे द्यावे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत ग्रीस वाळून सांधे आखडतात आणि आखडलेला सांधा वरवर घट्ट व चांगला भासतो. ग्रीस भरून काही दिवस गाडी चालविल्यानंतर खरी झीज बाहेर येते. म्हणून तपासणी पुन्हा एकदा करावी.

कायदेशीर मर्यादा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ सुकाणू यंत्रणेविषयी आहे. त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवणे बंधनकारक असून सुकाणू चक्रावरील मुक्त खेळ ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. सांध्यांतील गोलकांवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना सुटणार नाहीत अशा रीतीने अडकविलेल्या असाव्यात, असेही हा नियम सांगतो. फाटलेली टोपी किंवा स्प्लिट पिनचा अभाव या बाबी म्हणजे केवळ निष्काळजीपणा नसून नियमभंगही आहे. असुरक्षित स्थितीतील वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० खाली अपराध ठरतो. खाजगी मोटारगाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि त्या वेळी वाहनाची तपासणी केली जाते.

४० सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे साडेदहा सेंटिमीटर. निर्मात्यांच्या पुस्तिकांतील ३० मिलिमीटरची मर्यादा त्याच चक्रावर नऊ अंशांहून कमी भरते. कायद्याने दिलेली मर्यादा ही अशा रीतीने निर्मात्याच्या मर्यादेच्या तिपटीहून मोठी आहे. तिच्या आत असलेले सुकाणू कायदेशीर असेल, पण तेवढ्याने ते निकोप ठरत नाही. दुरुस्तीसाठी निर्मात्याचा आकडा हाच प्रमाण मानावा.

देखभाल

निपल असलेल्या सांध्यांत पुस्तिकेतील अंतरानुसार, तसेच पावसाळ्याच्या आधी व नंतर ग्रीस भरावे. भरताना जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा, म्हणजे आतील धूळही निघून जाते. सुकाणू पेटीतील तेल वर्षातून एकदा पाहावे. रबरी टोपी फाटलेली दिसताच सांधा तपासावा. टोपी वेळीच बदलल्यास सांधा वाचतो. मुक्त खेळ दर सहा महिन्यांनी मोजून वहीत नोंदवावा. ढिलेपणा सावकाश वाढतो आणि चालकाचे हात त्याला नकळत सरावतात. रोज गाडी चालविणाऱ्यास जे जाणवत नाही, ते मागच्या नोंदीशेजारी लिहिलेल्या नव्या आकड्यावरून लक्षात येते. मोकळी फेरी काही दिवसांतच वाढली असेल, तर एखादा नट किंवा पिन सुटत असल्याचा संभव असतो. अशा वेळी गाडी चालवीत गॅरेजपर्यंत नेऊ नये. ती जागीच उभी करून कारागिरास तेथे बोलवावे.